मुरगावची वेस आणि किनाऱ्याची वहिवाट

जुवारी नदी समुद्राला मिळते तेथे तिच्या दक्षिण तीरावर डोंगराची एक सोंड अरबी समुद्रात शिरलेली आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे आणि लाटा या सोंडेवर अडतात आणि तिच्या उत्तर अंगाला जहाजांना निवारा मिळतो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या खाली, वाळूचे बांध आहेत. पावसाळा लागला की ती वाट मोठ्या जहाजांना बंद होते. मुरगावची वाट मात्र बारमाही. गोव्याच्या इतिहासात मुरगावला जे महत्त्व आले त्याचे मूळ या एका भौगोलिक योगायोगात आहे.

बंदराचा इतिहास लिहिताना तो बहुधा जहाजांच्या संख्येत, मालाच्या टनांत आणि जकातीच्या उत्पन्नात लिहिला जातो. परंतु प्रत्येक बंदराला आणखी एक इतिहास असतो व तो त्याच्या वेशीपाशी घडतो. पाण्यापर्यंत कोणी जावे, कोणाच्या परवानगीने जावे, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आला त्याचे जाणे हा हक्क समजावा की मेहेरबानी, हा त्या इतिहासाचा विषय. मुरगावपुरते बोलायचे तर गेल्या चारशे वर्षांत या वेशीचे मालक अनेकदा बदलले. किनाऱ्यावरील लोकांची वहिवाट मात्र कोणत्याही मालकाच्या दप्तरात नीटपणे चढली नाही. आजच्या पुष्कळशा वादांचा उगम त्या न झालेल्या नोंदीत सापडतो.

वहिवाट लिहून ठेवण्याची पद्धत गोव्याला अपरिचित होती असे नाही. तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांचे हक्क, रीतिरिवाज आणि सारा यांची सनद तयार केली. गोव्याच्या ग्रामसंस्थेच्या अभ्यासकांना ती सुपरिचित आहे. पण तिचा मुख्य विषय जमीन हा होता. शेत कोणी कसावे आणि सारा किती द्यावा, यांत राज्यकर्त्यांना रस होता, कारण महसूल तेथून येत असे. होडी कोठे ओढावी, जाळे कोठे वाळवावे, पाण्याकडे जाणारी पायवाट कोणाची, यांतून महसूल नव्हता. म्हणून ते परंपरेवर सोडून दिले गेले.

मुरगाव ज्या सासष्टी महालात मोडत होते तो १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला. मुरगावच्या टोकावर त्यांनी किल्ला उभारला. त्यावरील लेखात १६२४ हे वर्ष आहे. किल्ल्याबरोबर मुरगावला पहिली वेस मिळाली. साठ वर्षांनी हीच वेस एका राजधानीची वेस होण्याच्या बेतात होती. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेला असा हादरा दिला की, विजरई कोंद द आल्व्होर याने राजधानी जुन्या गोव्याहून मुरगावला हलवण्याचा निर्णय घेतला. जुने गोवे रोगराईने पोखरले होते आणि शत्रूला नदी ओलांडून तेथे पोचणे शक्य आहे, हे दिसून आले होते. मुरगावला इमारतींची कामे सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. परंतु राजधानी तेथे वसली नाही. अखेर १८४३ मध्ये तो मान रीतसर पणजीला मिळाला. मुरगावचे टोक लष्करी ठाणे राहिले आणि तटाबाहेरच्या किनाऱ्यावर खारवी व गाबीत समाजाचे जीवन आपल्या गतीने चालू राहिले. तटाला फक्त तोफांच्या माऱ्याची जागा हवी होती, अवघा किनारा नको होता. त्यामुळे वेस असूनही वहिवाट अबाधित राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही स्थिती पालटली. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची सरहद्द बारा वर्षांसाठी नाहीशी व्हायची होती, मुरगावला आधुनिक बंदर बांधायचे होते आणि तेथून घाट चढून ब्रिटिश मुलखातील रेल्वेला मिळणारा लोहमार्ग घालायचा होता. त्यासाठी पश्चिम भारत पोर्तुगीज हमी रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये उभी राहिली. १८८७ मध्ये पहिला टप्पा खुला झाला आणि १८८८ मध्ये गाडी दूधसागरचा घाट चढून कॅसलरॉकला पोचू लागली. लाटा रोखणारा बांध आणि जहाजे लागण्याचा धक्का यांचे कामही याच काळातले.

या कराराची किंमत गोव्याच्या किनाऱ्याने मोजली. कराराने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ब्रिटिशांकडे गेला. त्याच्या भरपाईदाखल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत आणि ती रक्कम रेल्वे कंपनीला दिलेल्या व्याजाच्या हमीपोटी गहाण पडली. म्हणजे मिठागरांवर पोट भरणाऱ्यांच्या व्यवसायावर बंधन घालून जो पैसा आला तो लंडनच्या भागधारकांच्या हमीसाठी खर्ची पडला. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील कापूस व धान्य मुरगावमार्गे बाहेर जाईल अशी अपेक्षा होती. परंतु तो व्यापार अपेक्षेइतका इकडे वळला नाही. १८९२ च्या आरंभी कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातीची सरहद्द पुन्हा उभी राहिली. धक्का आणि रेल्वे मात्र राहिली, आणि त्यांच्याबरोबर बंदराची नवी, आखीव हद्दही राहिली. किल्ल्याचा तट उंचावर होता. रेल्वेचे रूळ, माल ठेवण्याची कोठारे आणि जकातीचे नाके मात्र थेट पाण्याच्या कडेला आले.

या बंदराच्या आश्रयाने वास्को हे शहर वाढले. रेल्वे आणि गोदीच्या कामासाठी, व्यापारासाठी गोव्याच्या इतर महालांतून आणि घाटावरून माणसे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, साथीच्या रोगाच्या भीतीने ग्रासलेल्या या नव्या वस्तीने श्री दामोदराच्या भजनी सप्ताहाचा आरंभ केला. श्रावणातील तो सप्ताह शंभर वर्षे ओलांडून आजही चालू आहे. सप्ताहाच्या समाप्तीला आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात विसर्जित करण्याची प्रथा आहे. भाविकांच्या दृष्टीने हा श्रद्धेचा विधी. इतिहासाच्या दृष्टीने तो एक पुरावाही आहे. शहर बंदरामुळे जन्मले तरी समुद्राशी त्याचे नाते केवळ मालाचे नव्हते, आणि पाण्यापर्यंतची वाट मोकळी असणे हे त्या नात्यात गृहीत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरगाव ही गोमंतकीयांची बाहेर पडण्याची वेस झाली. मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी येथे थांबत. कॅसलरॉक व कुळे येथील जकात-तपासणी ओलांडून मुंबई-पुण्याकडचा प्रवासी रेल्वेने गोव्यात येई. याच वेशीवर दुसऱ्या महायुद्धात दोन विलक्षण प्रसंग घडले. पोर्तुगाल तटस्थ असल्याने एरनफेल्स, ब्राउनफेल्स व द्राखनफेल्स ही तीन जर्मन आणि अन्फोरा हे इटालियन अशी चार व्यापारी जहाजे मुरगावच्या आश्रयाला नांगरून पडली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसैनिकांच्या एका लहान तुकडीने एरनफेल्सवर छापा घातला. पाठोपाठ खलाशांनी स्वतःच आपली जहाजे पेटवून बुडवली. तो कार्निव्हलचा शेवटचा दिवस होता. छाप्याची हकीकत पुढे पस्तीस वर्षे लोकांसमोर आली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या धक्क्याने अगदी निराळे दृश्य पाहिले. अमेरिकेतील जपानी नागरिकांना घेऊन ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज आले. जपानच्या ताब्यातील प्रदेशांतून अमेरिकन, कॅनेडियन व अन्य नागरिकांना घेऊन तेइआ मारू हे जपानी जहाज आले. दोन्हींवर मिळून तीन हजारांच्या आसपास माणसे होती. मुरगावच्या धक्क्यावर त्यांची अदलाबदल झाली आणि दोन्ही जहाजे आल्या वाटेने परतली. जगाच्या युद्धात परस्परांचे वैरी असलेल्या राष्ट्रांनी आपली माणसे सोडवून घेण्यासाठी हा धक्का निवडला, कारण येथे प्रवेशाचे नियम दोघांनाही मान्य होते. वेशीवर स्पष्ट व सर्वांना ठाऊक असलेले नियम असले तर शत्रूही तेथून सुखरूप जाऊ शकतात. त्या वेळी मुरगावने परक्यांसाठी जे केले ते स्वकीयांसाठी, म्हणजे रोज तेथे होडी लावणाऱ्यासाठी, करण्याची गरज कोणाला भासली नाही.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. १९५५ च्या सत्याग्रहानंतर रेल्वे वाहतूक बंद झाली आणि जमिनीवरची वेस मिटली. तेव्हा सर्व व्यवहार समुद्राकडे वळला. याच काळात लोहखनिजाची निर्यात, विशेषतः जपानकडे, झपाट्याने वाढली. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील खनिज बार्जांतून मांडवी व जुवारीच्या पात्रांतून मुरगावला येऊ लागले. १८ डिसेंबर १९६१ रोजी आफोंसो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगावच्या बंदरात भारतीय नौदलाशी लढली, निकामी होऊन बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लागली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

मुक्तीनंतर मुरगाव भारताचे मुख्य बंदर ठरले आणि साठच्या दशकात १९६३ च्या कायद्याखाली त्याचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आला. सड्याच्या पठारावर बंदराच्या कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली. १९७९ मध्ये खनिज हाताळण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. या बंदराने हजारो घरांना रोजगार दिला आणि गोव्याच्या अर्थव्यवस्थेला आधार दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु जसजसे यंत्र मोठे झाले तसतशी धक्क्यावर माणसांची वर्दळ कमी झाली आणि कुंपण लांबत गेले. पूर्वी बंदर म्हणजे माणसे, बैलगाड्या, होड्या आणि बाजार यांचा संगम असे. यांत्रिक बंदराला अनोळखी माणूस हा अपघाताचा धोका वाटतो, आणि त्यात तथ्य असते. पण हा धोका टाळताना जे सहज व उपयुक्त होते तेही वेशीबाहेर राहिले.

सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर संघर्षाला तोंड फुटले ते मासेमारीवरून. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत मासे ओढू लागले आणि रापणकार उपाशी पडू लागले. रापणकारांच्या आंदोलनातून १९८० चा गोवा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचे उथळ पाणी यांत्रिक मासेमारीपासून राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. या कायद्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. त्याचे ऐतिहासिक महत्त्व असे की, गोव्यातील मच्छीमाराची वहिवाट प्रथमच पाण्यावर रेघ ओढून कायद्यात आली. मात्र ती रेघ पाण्यावर होती. पाण्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर नव्हती.

किनाऱ्याच्या जमिनीचा विचार त्यानंतर आला. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने किनारी नियमन क्षेत्र ही संकल्पना कायद्यात आली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. खाजण जमिनी, वाळूचे उंचवटे आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांचा त्यांत उल्लेख होता. २०१९ मध्ये आणखी नवी अधिसूचना निघाली. ज्यांना पाण्याच्या काठाशिवाय चालतच नाही अशा कामांना, म्हणजे बंदरांना, या नियमांत मुभा आहे. ही मुभा रास्त आहे. परंतु होडीलाही पाण्याच्या काठाशिवाय चालत नाही, आणि बंदराच्या गरजेचे नकाशे जितके तपशीलवार असतात तितके होडीच्या गरजेचे असत नाहीत.

नोंद नसली म्हणजे काय होते, याची उदाहरणे एकविसाव्या शतकात एकामागून एक दिसली. जून २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बायण्याच्या किनाऱ्यावरील वेश्यावस्ती पाडली गेली. तेथे राहणाऱ्यांच्या हाती कागद नव्हता, म्हणून त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मागे लोंबकळत राहिला. त्याच वर्षी १ जुलैला जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय संहिता अमलात आली. २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर ती तयार झाली होती. जगभरच्या बंदरांप्रमाणे मुरगावलाही ओळखपत्र, तपासणी आणि नोंदवही यांशिवाय आत पाऊल टाकणे अशक्य झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्यावर तर या कठोरपणावर बोट ठेवण्यास जागाच उरली नाही. पुढे परदेशी पर्यटकांच्या आलिशान जहाजांचे येणे वाढले, त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारण्याचे काम हाती घेतले गेले. दूरदेशीचा पाहुणा जहाजातून उतरून बसमध्ये बसतो आणि जुने गोवे पाहायला जातो. वास्कोतल्या शाळकरी मुलाला मात्र आपल्याच गावचे बंदर टेकडीवरून पाहावे लागते.

बंदराच्या मालाचेही रूप पालटले. २०१०-११ मध्ये मुरगावने सुमारे पाच कोटी टन माल हाताळला, त्यात सिंहाचा वाटा खनिजाचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले आणि २०१३-१४ मध्ये ही उलाढाल दीड कोटी टनांच्याही खाली आली. कोळशाची आयात या पोकळीत महत्त्वाची ठरली आणि वास्कोकरांच्या खिडक्यांवरील काळी धूळ हा सार्वजनिक प्रश्न झाला. २०१६ मध्ये बंदराचा जलमार्ग खोल करण्याच्या कामाविरुद्ध मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि लवादाने त्या कामाची पर्यावरणीय परवानगी रद्द केली. त्यानंतर २०१७ मध्ये बंदराच्या विस्तारासंबंधी जनसुनावणी झाली आणि ती कित्येक दिवस चालली. खारवी, गृहिणी, शिक्षक, डॉक्टर असे नाना तऱ्हेचे लोक उभे राहून बोलले. चिखलीच्या खाडीत मिळणाऱ्या शिंपांचा, ज्यांच्या पातळ पाकळ्या जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवीत, प्रश्नही या काळात चर्चेत आला. चारशे वर्षांत प्रथमच वहिवाटीला दप्तरात जागा मिळाली, ती आक्षेपाच्या रूपाने.

हद्दीचा प्रश्न तोवर आणखी विस्तारला होता. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात मांडवी व जुवारीसह गोव्यातील सहा नद्या आल्या. २०२१ मध्ये मुख्य बंदरांसाठी नवा कायदा होऊन विश्वस्त मंडळाच्या जागी प्राधिकरण आले. ‘विश्वस्त’ हा शब्द गेला याची खंत काहींना वाटली. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा. त्या शब्दात निदान मालक दुसरा कोणी आहे याची कबुली होती.

चालत्या बंदरात सामान्य माणसाला जागा देता येत नाही, असे म्हणणाऱ्यांपुढे मुंबईचा भाऊचा धक्का आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रवाशांची सोय पाहून धक्का बांधला. मूळ जागा बदलली, पण नाव आणि हेतू टिकला. मुंबईसारख्या अवाढव्य बंदराच्या हद्दीतच मासळीचा लिलाव, रेवस-मोऱ्याच्या लाँची आणि एकेकाळी कोकण-गोव्याच्या आगबोटी येथून चालत आल्या. गोमंतकीयांच्या दोन-तीन पिढ्यांनी त्या धक्क्यावर ट्रंका टेकल्या आहेत. तेथे गर्दी आहे, अस्वच्छता आहे, तक्रारीही आहेत. परंतु तेथे जाण्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही, कारण तो धक्का त्यासाठीच आहे असे मान्य झालेले आहे.

मुरगावला याहून फार वेगळे काही लागत नाही. सुरक्षेचे क्षेत्र कोठे संपते आणि लोकांचा किनारा कोठे सुरू होतो, हे नकाशावर दाखवले जावे. खारीवाड्याच्या होड्या लागण्याची जागा, जाळी वाळवण्याची जागा व पाण्यापर्यंतची पायवाट यांची हक्क म्हणून नोंद व्हावी. किल्ल्याचे अवशेष आणि सड्याचे टोक येथे जाण्याचे दिवस व वेळा ठरवून जाहीर केल्या जाव्यात. सप्ताहाचा नारळ ज्या वाटेने समुद्रात जातो ती वाट कोणत्याही विस्तार-आराखड्यात गृहीत धरली जावी. १५२६ मध्ये शेताच्या वहिवाटीसाठी जे झाले ते किनाऱ्याच्या वहिवाटीसाठी होण्यास पाचशे वर्षांचा विलंब झाला आहे. आपले म्हणणे नीट मांडू शकणारे मच्छीमार आणि ते लिहून घेण्यास कायद्याने बांधलेली कचेरी, या दोन्ही गोष्टी आज आहेत. ते लेखन जितके लांबेल तितका किनाऱ्याचा निवाडा त्याला न विचारता होत राहील.